हौदातलं ऊन आणि जॉर्ज एअरी

एअरी हे नाव तुम्ही ऐकलेलं आहे. सिव्हिल आणि मेकॅनिकलवाल्यांना एअरी स्ट्रेस फंक्शनने रडवलेलं असतं. फर्स्ट इयरच्या फिजिक्समध्ये एअरी डिस्क येते, आणि क्वांटमच्या पुस्तकात एअरी फंक्शन. मला बरेच दिवस वाटायचं की ही तीन वेगवेगळी माणसं असावीत. नाही, माणूस एकच. पण त्याची आणि माझी खरी ओळख झाली ती पुस्तकात नाही, युसूफ वडगावच्या एका हौदापाशी.

बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातलं युसूफ वडगाव हे माझं आजोळ. लहानपणी मे महिन्याची सुट्टी म्हणजे मामाचं शेत आणि विहिरीला लागून असलेला सिमेंटचा हौद. लाईट आली की मामा मोटार चालू करायचा, पाईपातून पाणी धो धो हौदात पडायचं आणि दुपारच्या उन्हात हौदाच्या तळाशी उजेडाची एक जाळी थरथरायला लागायची. बारीक, लखलखीत, वाकड्यातिकड्या रेषा. मामाला विचारलं तर तो म्हणायचा, ऊन नाचायलंय पाण्यात. मी पडले कॉन्व्हेंटची, रिफ्रॅक्शन हा शब्द स्पेलिंगसकट पाठ. तो मी ऐटीत सांगून टाकायचे. पण ऊन वाकलं तर वाकलं, त्याच्या अशा धारदार रेषा का होतात, हे काही मला सांगता यायचं नाही.

दुसरं एक कोडं त्याच हौदाच्या कडेला होतं. मेच्या मध्यात तिथे एक दिवस असा येतो की सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि आपली सावली पायाखाली गुडूप होते. शाळेत शिकवलं होतं की दुपारी बाराला सूर्य डोक्यावर येतो. पण मामाच्या घड्याळात बारा वाजले तरी सावली शाबूत असायची. ती गायब व्हायची साडेबाराच्या थोडं आधी. घड्याळ चुकलंय असंच मला वाटायचं.

या दोन्ही कोड्यांची उत्तरं शोधत गेलं की वाटेत जॉर्ज बिडेल एअरी भेटतो.

एअरीचा जन्म २७ जुलै १८०१ चा, इंग्लंडच्या उत्तरेकडच्या ॲनिक गावातला. वडील सरकारी करवसुली खात्यात होते. १८१३ मध्ये त्यांची नोकरी गेली आणि घरची परिस्थिती बिघडली. तेव्हा या मुलाला आधार मिळाला तो आजोळचा. इप्सविचजवळ प्लेफर्डला त्याचे मामा आर्थर बिडेल शेती करायचे आणि त्यांच्याकडे पुस्तकंही भरपूर होती. मामाच्या त्या पुस्तकांतून त्याला प्रकाशशास्त्र आणि यंत्रं यांची गोडी लागली. माझ्या मामाच्या शेतात पुस्तकं नव्हती, हौद होता. असो.

१८१९ मध्ये तो केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात गेला. फी भरायची ऐपत नसलेल्या मुलांना तिथे सायझर म्हणून सवलतीत घ्यायचे, तसा. १८२३ मध्ये तो सीनियर रँग्लर झाला, म्हणजे गणितात विद्यापीठात पहिला. आपल्याकडे रँग्लर परांजपे हे नाव घरोघरी माहीत आहे. तोच हा मान, जो परांजप्यांनी १८९९ मध्ये मिळवला आणि तो मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले. पुढे १८२६ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, एअरी न्यूटनच्या खुर्चीवर म्हणजे ल्युकेशियन प्रोफेसरच्या जागेवर बसला.

मधल्या काळात त्याने स्वतःवरच एक प्रयोग केला. त्याचा डावा डोळा जवळपास निकामी होता. वाचताना तो फक्त उजवाच डोळा वापरायचा. त्याच्या लक्षात आलं की डाव्या डोळ्याला प्रकाशाचा ठिपका ठिपक्यासारखा दिसतच नाही. एका अंतरावर तो एका दिशेची रेघ होतो आणि दुसऱ्या अंतरावर दुसऱ्या दिशेची. दुसरा कोणी डोळा अधू म्हणून गप्प बसला असता. याने कार्डाला बारीक भोक पाडलं, अंतरं मोजली आणि हिशोब केला की डोळ्याचं भिंग एका दिशेला जास्त वाकवतंय आणि दुसऱ्या दिशेला कमी. मग अशी काच हवी जी एकाच दिशेला वक्र असेल. इप्सविचच्या एका चष्मेवाल्याकडून त्याने ती घासून घेतली आणि १८२५ मध्ये सगळं लिहून मांडलं. ॲस्टिग्मॅटिझमवर बसवलेला तो पहिला चष्मा मानतात. आज तुमच्या चष्म्याच्या नंबरात सिल असा एक रकाना असतो ना, त्याची सुरुवात ही.

लग्नाची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. १८२४ मध्ये डर्बीशायरमध्ये पायी भटकंती करताना त्याला रिचर्डा स्मिथ भेटली आणि दोनच दिवसांत त्याने मागणी घातली. मुलाकडे धड उत्पन्न नाही म्हणून तिच्या वडिलांनी नकार दिला. हा पठ्ठ्या सहा वर्षं थांबला, नीट पगाराची जागा मिळवली आणि १८३० मध्ये तिच्याशीच लग्न केलं.

आता हौदाकडे येऊ. पाण्यावरच्या प्रत्येक लाटेचा फुगीर भाग बहिर्गोल भिंगासारखा वागतो. उन्हाचे किरण पाण्यात शिरताना वाकतात आणि एकमेकांकडे झुकतात. पण लाट हे काही कंपनीतून घासून आलेलं भिंग नव्हे, त्यामुळे सगळे किरण एका बिंदूत जुळत नाहीत. शेजारशेजारचे किरण एकमेकांना थोड्या थोड्या वेगळ्या जागी छेदतात आणि असे सगळे किरण मिळून एका वक्राला स्पर्श करत जातात. त्या वक्रावर किरणांची गर्दी होते म्हणून तो लखलखतो. वक्राच्या एका बाजूला उजेड, दुसरीकडे एकदम कमी. या वक्राला म्हणतात कॉस्टिक. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ जाळणारा. केमिकलवाल्यांचा कॉस्टिक सोडा त्याच घराण्यातला. चहाच्या स्टीलच्या कपात तळाशी जी टोकदार उजळ कमान दिसते तीही कॉस्टिकच, फक्त ती परावर्तनाने होते.

आणि सगळ्यात मोठा कॉस्टिक म्हणजे इंद्रधनुष्य. किरण पावसाच्या थेंबात शिरताना वाकतो, आत एकदा परावर्तित होतो आणि बाहेर पडताना पुन्हा वाकतो. थेंबावर कुठेही पडला तरी तो परतताना साधारण ४२ अंशांच्या पलीकडे जाऊ शकत नाही. त्या शेवटच्या कोनापाशी किरणांची दाटी होते, तिथेच आपल्याला धनुष्य दिसतं. हा हिशोब देकार्तने १६३७ मध्येच मांडला होता.

पण एक घोळ होता, आणि त्यात मी स्वतः अडकले आहे. व्हायवामध्ये सरांनी विचारलं, कॉस्टिकवर प्रकाशाची तीव्रता किती? मी हौदाचं उदाहरण देऊन सूत्र मांडलं, छेदात शून्य आला आणि मोठ्या आत्मविश्वासाने अनंत असं सांगून मोकळी झाले. सर हसले. म्हणाले, मग मामाच्या हौदाला भोक कसं पडलं नाही अजून? मला उत्तर आलं नाही.

एअरीच्या आधीच्या लोकांनाही ते येत नव्हतं. किरणांचं गणित म्हणायचं की कॉस्टिकवर तीव्रता अनंत आणि रेषेच्या एक केसभर बाहेर एकदम शून्य. शिवाय इंद्रधनुष्याच्या आतल्या कडेला कधी कधी फिकट गुलाबी-हिरवे जादा पट्टे दिसतात. किरणांच्या गणितात त्यांना जागाच नव्हती. थॉमस यंगने १८०४ च्या सुमारास सांगितलं की दोन वाटांनी आलेल्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून हे पट्टे तयार होतात. ते बरोबर होतं. तरी ऐन काठावरचा अनंत त्यालाही हटवता आला नाही.

एअरीने तिथेच बोट ठेवलं. निसर्गात कुठे अनंत उजेड दिसत नाही. म्हणजे सूत्र या जागी चालत नाही, एवढाच त्याचा अर्थ. मग किरण बाजूला ठेवून त्याने लहर धरली. कॉस्टिकजवळ लहरीचा आकार कसा असतो ते काढलं, त्या लहरीच्या प्रत्येक तुकड्याचा परिणाम बेरजेत घेतला आणि एक इंटिग्रल मांडलं. ते नेहमीच्या कुठल्याच सूत्रात बसेना. मग त्याने ते हाताने, तुकडे पाडून, बेरजा करून सोडवलं आणि उणे ४ ते अधिक ४ पर्यंतच्या किमतींचा तक्ता तयार केला. हा निबंध १८३८ मध्ये केंब्रिज फिलॉसॉफिकल सोसायटीच्या अंकात छापून आला. मला एक न्यूमेरिकल इंटिग्रेशन असाइनमेंटमध्ये करायला लागलं तरी मी मित्राच्या जर्नलकडे बघते. याने तो अख्खा तक्ता कागद-पेनावर केला.

उत्तर काय आलं? सगळ्यात जास्त उजेड हिशोबी काठावर नसतो, किंचित आत असतो. तो भरपूर असतो, पण मोजता येण्याइतका. तिथून आत एकाआड एक उजळ आणि अंधारे पट्टे येतात, तेच ते जादा पट्टे. थेंब जितके बारीक तितके पट्टे रुंद. आणि काठाच्या बाहेर एकदम काळोख होत नाही, थोडासा उजेड पाझरतो आणि हळूहळू विझतो. पुढे केंब्रिजच्याच मिलरने पाण्याच्या बारीक धारेवर मोजमाप घेतलं, ते या गणिताशी जुळलं. स्टोक्सने १८५० मध्ये तेच इंटिग्रल झटपट काढायची युक्ती शोधली. आज त्यालाच आपण एअरी फंक्शन म्हणतो. इलेक्ट्रॉन ज्या भिंतीवरून मागे फिरायला हवा, तिच्या थोडा आत कसा घुसतो, हे क्वांटमवाले याच फंक्शनने दाखवतात.

गंमत म्हणजे त्याच १८३८ मध्ये त्याने एक अगदी इंजिनिअरिंगचं काम केलं. लोखंडी जहाजं नुकतीच येत होती आणि लोखंडामुळे त्यांचं होकायंत्र भलतीकडे बघायचं. एअरीने डेप्टफर्डला एका लोखंडी आगबोटीवर मोजमापं घेतली आणि होकायंत्राजवळ लोहचुंबक आणि मऊ लोखंडाचे तुकडे बसवून ती चूक मारून टाकली. त्या आगबोटीचं नाव होतं रेनबो!

१८३५ पासून तो ग्रिनिचच्या वेधशाळेचा प्रमुख, म्हणजे राजज्योतिषी होता. ही नोकरी त्याने ४६ वर्षं केली. वेधशाळेला त्याने कारखान्याची शिस्त लावली. आकडेमोडीला किशोरवयीन मुलं ठेवली आणि त्यांच्याकडून दिवसाचे बारा-बारा तास काम घेतलं. आज ते वाचून वाईट वाटतं. स्वतः तो कागदाचा कपटाही टाकायचा नाही. रिकाम्या खोक्यांवर रिकामं असं लिहून ठेवायला त्याने एकदा अख्खी दुपार घालवली, असा किस्सा सांगतात. त्याने स्वतः आराखडा करून एक मोठी दुर्बीण बसवली, एअरी ट्रान्झिट सर्कल. तिच्यातून पहिला वेध ४ जानेवारी १८५१ ला घेतला गेला. १८८४ मध्ये वॉशिंग्टनला परिषद भरली आणि या दुर्बिणीतून जाणारी रेषा हे जगाचं शून्य रेखांश ठरलं. (आजचं जीपीएसचं शून्य तिथून १०२ मीटर पूर्वेला आहे, पण नातं तेच.)

आता सावलीचं कोडं सुटतं. भारताची प्रमाणवेळ १९०६ पासून त्या शून्यापासून ८२.५ अंश पूर्वेच्या रेषेवर बांधली, म्हणून साडेपाच तास पुढे. युसूफ वडगाव आहे साधारण ७६ अंशांवर. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटं लागतात. साडेसहा अंशांची होतात २६ मिनिटं. म्हणजे मामाचं घड्याळ बरोबर होतं. फक्त त्यातले बारा आमच्या गावचे नव्हते.

आपल्या मातीशी एअरीचं आणखी एक नातं आहे. भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची सुरुवात करणारा विल्यम लॅम्बटन १८२३ मध्ये आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याचं काम जॉर्ज एव्हरेस्टने पुढे हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेलं. तिथे कल्याणपूर आणि कलियाना या दोन ठिकाणांमधलं अंतर ताऱ्यांवरून एक आणि जमिनीवरच्या मोजणीतून दुसरं येऊ लागलं. फरक सुमारे ५.२ विकला. हिमालय ओळंब्याला आपल्याकडे ओढतो हे समजण्यासारखं होतं, पण प्रॅटने हिशोब केला तर ओढ याच्या तिप्पट यायला हवी होती. १८५५ मध्ये एअरीने मोजक्या पानांत खुलासा केला. डोंगर जमिनीवर नुसते ठेवलेले नाहीत, पाण्यात ओंडका तरंगावा तसे ते खालच्या जड थरावर तरंगतात आणि त्यांची हलक्या खडकाची मुळं खोल गेलेली असतात. म्हणून ओढ कमी पडते.

इथपर्यंत वाचून एअरी म्हणजे कधी न चुकणारा माणूस वाटेल. तसं नाही. १८४५ च्या ऑक्टोबरमध्ये ॲडम्स नावाच्या तरुण गणितज्ञाने नव्या ग्रहाच्या जागेचा हिशोब ग्रिनिचला आणून ठेवला. एअरीने एक शंका विचारली. ॲडम्सने उत्तर पाठवलं नाही, यानेही पाठपुरावा केला नाही. २३ सप्टेंबर १८४६ ला फ्रान्सच्या लव्हेरियेच्या हिशोबावरून बर्लिनमध्ये नेपच्यून सापडला आणि इंग्लंडने सगळं खापर एअरीवर फोडलं. माझ्या मते यात त्याचा दोष अर्धाच.

पण दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. १८७३ मध्ये थॉमस बाऊच हा इंजिनिअर स्कॉटलंडमध्ये फोर्थ खाडीवर झुलता पूल बांधणार होता. वाऱ्याचा दाब किती धरायचा म्हणून एअरीचं मत मागवलं गेलं. त्याने सांगितलं की मोठ्या गाळ्यावर मिळून दर चौरस फुटाला सुमारे १० पौंड. बाऊचचाच टे नदीवरचा पूल २८ डिसेंबर १८७९ च्या रात्री वादळात कोसळला. पुलावर आगगाडी होती. गाडीतलं एकही माणूस वाचलं नाही. चौकशीत बाऊचने एअरीच्या त्या आकड्याकडे बोट दाखवलं. आकडा दुसऱ्या पुलासाठी होता, आणि आराखडा, बांधकाम, देखभाल या सगळ्याचा मुख्य ठपका बाऊचवर आला, हे खरंच. नंतर फोर्थचा जो नवा पूल उभा राहिला, त्याला दर चौरस फुटाला ५६ पौंड धरले गेले.

म्हणजे बघा. उत्तर अनंत आलं तेव्हा एअरी थांबला, कारण अनंत हे उत्तर कोणालाही खटकतं. १० हा आकडा कोणालाच खटकला नाही. नीटनेटका होता, मोठ्या माणसाचा होता. वादळाच्या एका झोताची ताकद सरासरीत लपली आणि ती कोणी उकरून पाहिली नाही. मला वाटतं, आपण पुढे साइटवर जाऊ तेव्हा आपल्याला अडकवणार आहेत ते असे १० सारखे सरळ दिसणारे आकडे. अनंत तर व्हायवातच पकडला जातो.

१८८१ मध्ये एअरी निवृत्त झाला. म्हातारपणी चंद्राच्या गतीचं एक प्रचंड गणित त्याने हाती घेतलं, वर्षानुवर्षं केलं, छापलं, आणि मग त्याला कळलं की त्यात कुठेतरी चूक शिरली आहे. ऐंशी ओलांडलेल्या डोक्याला ती दुरुस्त करणं झेपेना. पण त्याने ती लपवली नाही, उघड कबूल केली. २ जानेवारी १८९२ ला तो गेला. त्याला पुरलं ते प्लेफर्डला, मामाच्या गावात.

२०१६ च्या दुष्काळात आमच्या विहिरीने तळ गाठला होता. हौद कोरडा ठणठणीत पडला होता. ऊन होतंच, नेहमीपेक्षा जरा जास्तच, पण तळाशी नुसता सपाट उजेड. तेव्हा मी दहा-अकरा वर्षांची होते. मामा त्या हौदात उतरून भेगा बुजवत होता आणि मी त्याला सिमेंटचं घमेलं देत होते. जाळी विणायला पाणीही लागतं, हे मला कुठल्याही पुस्तकाच्या आधी तिथे कळलं. पुढच्या पावसानंतर हौद भरला.

या मे महिन्यात परत गेले तेव्हा मुद्दाम वाकून पाहिलं. रेषा जिथे संपते असं वाटतं तिथे ती खरंच एकदम संपत नाही, थोडी विरत जाते. आता एवढं सगळं डोळ्यांना दिसलं की सूर्यबिंबाच्या आकारामुळे कडा पुसट झाली, की हे माझ्या मनाचे खेळ, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. मामाने विचारलं, काय बघायलीस इतका वेळ. मी म्हटलं, ऊन नाचायलंय. तो म्हणाला, मग, मी तेच तर सांगत होतो.